नोंद एकाची, रिपोर्ट दुसऱ्याचा: ईआरपीवरचे वाचकांचे प्रश्न

ईआरपीबद्दल, म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन आणि हिशोब एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहून पाठवा म्हटलं तर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, मालकांची आहेत, स्टोअरवाल्यांची आहेत, आयटीवाल्यांची आहेत, आणि निम्म्या पत्रांत प्रश्न कमी आणि वैताग जास्त. नावं आणि गावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच साहेबांबद्दल लिहिलंय. काही प्रश्न छोटे केलेत, काही जसेच्या तसे ठेवलेत.

प्रश्न: आम्ही मशीनचे पार्ट बनवतो, मध्यम आकाराची कंपनी आहे. ईआरपी घेतलं, पार्टनरने, म्हणजे ते बसवून देणाऱ्या कंपनीने, सगळ्या डिपार्टमेंटशी बोलून फिट-गॅपची (आमच्या कामाला सॉफ्टवेअर कुठे बसतं आणि कुठे नाही याची) यादी काढली तर त्यात १४० गॅप निघाले. पार्टनर म्हणतो सगळे करून देतो, फक्त वेळ आणि पैसे लागतील. माझा भाऊ म्हणतो एकही बदल करायचा नाही, सॉफ्टवेअर जसं आहे तसंच वापरायचं. कोणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही नको. पार्टनरला प्रत्येक बदलाचे पैसे मिळतात आणि भाऊ काही स्वतः स्टोअरमध्ये बसून एंट्री करणार नाहीये, त्यामुळे दोघांनाही बोलायला सोपं आहे.

आधी त्या १४० ओळी नीट वाचा. त्यातल्या पुष्कळशा गॅप नसतातच, ती नुसती सेटिंग असतात, म्हणजे टॅक्सचे रेट, बिलाची नंबर सिरीज, अप्रूव्हल किती लेव्हलचं, कुठला फील्ड कोणाला दिसावा वगैरे, ज्याला कॉन्फिगरेशन म्हणतात. ते सॉफ्टवेअरमध्ये आधीच दिलेलं असतं, फक्त चालू-बंद करायचं. त्याचे कस्टमायझेशनच्या रेटने पैसे लावले असतील तर तिथेच भांडा. दुसरा गट जोडकामाचा, एखादा जादा फील्ड, वजनकाट्यावरून आकडा थेट स्क्रीनवर आणणं, वेगळा रिपोर्ट, यात मूळ कोडला हात लागत नाही आणि उद्या नको झालं तर काढून टाकता येतं. तिसरा गट म्हणजे मूळ कोड उघडून त्यात बदल. हा गट शून्यावर आणायचा प्रयत्न करा, आणि शून्यावर नाहीच आला तर जे एक-दोन उरतील त्यावर तुम्ही स्वतः सही करा, डिपार्टमेंट हेडने नाही.

आता दुसऱ्या गटातली मागणी खरी की खोटी ते कसं ओळखायचं? ज्याने मागितली त्याला समोर बसवून विचारा, की हे नाही केलं तर कस्टमरला फरक पडतो का, कायद्यात अडतं का? दोन्हीला नाही असं उत्तर आलं तर मग विचारा की हे आपण करतोच का. एक मागणी जवळपास प्रत्येक यादीत भेटते, डिलिव्हरी चलनाच्या चार कॉपी हव्यात. चौथी कॉपी कुठे जाते? फाइलला. फाइल कोण बघतं? कोणीच नाही, पूर्वी एक साहेब बघायचे, ते रिटायर झाले. अशा रिटायर झालेल्या साहेबांसाठी लोक आजही कोड लिहून घेतात!

पण भावाचंही सगळंच बरोबर नाही. तुमचा कस्टमर ड्रॉइंगच्या रिव्हिजनप्रमाणे माल मागत असेल, कुठल्या पार्टमध्ये कुठल्या हीट नंबरचं (वितळवलेल्या लॉटचं) स्टील गेलं ते दोन वर्षांनी विचारत असेल, आणि स्टँडर्ड सॉफ्टवेअर फक्त आयटम कोडवर चालत असेल, तर तिथे सॉफ्टवेअरप्रमाणे वागायला जाणं म्हणजे ज्यासाठी कस्टमर येतो तेच सोडून देणं. तिथे खुशाल पैसे घाला.

लिडल नावाची जर्मनीची मोठी रिटेल कंपनी आहे, त्यांनी २०११ च्या सुमारास एसएपी या मोठ्या ईआरपी कंपनीचं रिटेल सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि २०१८ मध्ये सगळं थांबवून टाकलं, खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्यातलं एक कारण बघा, लिडल स्टॉकची किंमत खरेदीच्या भावाने धरायची आणि सॉफ्टवेअरची स्टँडर्ड पद्धत विक्रीच्या भावाची होती. कंपनीने आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअर वाकवायला घेतलं. आता स्टॉकची किंमत ही काही एका स्क्रीनवरची गोष्ट नाही, ती मार्जिनमध्ये येते, ऑर्डरिंगमध्ये येते, हिशोबात येते, म्हणजे एक बदल म्हणत म्हणत तो सगळीकडे पोचतो. एवढ्या एकाच कारणाने प्रोजेक्ट बुडालं असं नाही, पण तुमच्या १४० मध्ये असा एखादा दिसायला छोटा आयटम आहे का ते मात्र शोधा.

आणि यादीत दोन कॉलम वाढवा: यातली माहिती कोण भरणार, आणि कोण बघणार. ते कशाला ते पुढच्या पत्रात येतंय.

प्रश्न: मी स्टोअर सांभाळतो. आधी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायचो, आता जीआरएन (माल आल्याची सिस्टीममधली नोंद) करायला दोन स्क्रीन भरावे लागतात आणि खाली गाडीवाला हॉर्न मारत उभा असतो. त्यात पीओ (परचेस ऑर्डर) नसेल तर सिस्टीम माल घेऊच देत नाही. मग मी वहीत लिहून ठेवतो आणि संध्याकाळी बसून सगळं भरतो. मीटिंगमध्ये ऐकवतात की स्टोअरवाले को-ऑपरेट करत नाहीत. आमचं नक्की चुकतंय कुठे?

दादा, तुमचं फारसं काही चुकत नाहीये, आणि हे उत्तर तुमच्या मालकांना वाचायला द्या.

तुम्ही गेटवर जे भरता त्याचा फायदा कोणाला होतो ते बघा. परचेसला सप्लायर वेळेवर देतो की नाही ते कळतं, अकाउंट्सला बिल, पीओ आणि जीआरएन तिन्ही जुळवून पेमेंट सोडता येतं, प्लॅनिंगला स्टॉक दिसतो, मालकांना डॅशबोर्ड मिळतो. तुम्हाला काय मिळतं? काम. एकाने राबायचं आणि आकडे दुसऱ्याने बघायचे अशी मांडणी असली की वही बाहेर येणारच, मग तुमच्या जागी कोणीही बसवा.

पण ती वही पुढे काय करते तेही सांगतो, कारण मीटिंगमध्ये हे कोणी उलगडून सांगत नाही. समजा सकाळी दहाला माल उतरला, तुम्ही वहीत लिहिला. अकराला लाइनवरून माणूस आला, माल घेऊन गेला, तुम्ही इश्यूची एंट्री करायला गेलात तर सिस्टीम म्हणते स्टॉक शून्य. काम तर थांबवता येत नाही, म्हणून कोणीतरी कधीतरी निगेटिव्ह स्टॉक (शून्याच्या खालीही माल देऊ देणारं सेटिंग) चालू करून ठेवलेला असतो, "तात्पुरता" म्हणून, आणि तो कायमचा राहतो. आता सिस्टीमकडे या मालाचा नवा भाव नाही, मग ती जुन्या भावाने किंवा काही ठिकाणी तर शून्यानेच माल लाइनला लावते. दुपारी प्लॅनिंगचं रन (काय आणि किती मागवायचं याचा सिस्टीमचा हिशोब) होतं, त्याला स्टॉक मायनस दिसतो, तो तोच माल पुन्हा मागवायचं सुचवतो, आणि परचेसमध्ये कोणी नवीन असेल तर तो मागवतोही. संध्याकाळी तुम्ही जीआरएन भरता, नव्या भावाने, आणि दोन भावांतला फरक कुठल्यातरी व्हेरिअन्सच्या खात्यात जाऊन पडतो. महिनाअखेरीला अकाउंट्सवाले डोकं धरून बसतात की या पार्टची कॉस्ट अचानक वर का गेली. तोपर्यंत कंपनीत सगळ्यांना कळलेलं असतं की खरा आकडा सिस्टीममध्ये नाही, वहीत आहे, म्हणून मग फोन येतो, "दादा, कॉम्प्युटरचं सोड, खरा स्टॉक किती ते सांग." आणि पुढच्या महिन्यात मीटिंगमध्ये त्याच दादाला ऐकवतात.

करायचं काय? जीआरएनचा स्क्रीन उघडून आयटीवाल्याला शेजारी बसवा आणि एकेक फील्ड धरून विचारा की हे पीओला आधीच माहीत नाही का? सप्लायर, आयटम, भाव, युनिट, टॅक्स हे सगळं पीओवरून आपोआप यायला पाहिजे. गाडी नंबर गेटवर सिक्युरिटी लिहितेच, तो तिथूनच यावा. क्वालिटीचे फील्ड क्वालिटीच्या स्क्रीनवर जावेत. तुमच्याकडे खरं तर तीनच गोष्टी उरतात: चलन नंबर, प्रत्यक्ष आलेली क्वांटिटी आणि माल कुठे ठेवला ते. बाकीचं लपवा किंवा डिफॉल्ट टाका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याला कोड लिहावा लागत नाही, नुसतं सेटिंग असतं. तरी हे कुठल्याच फिट-गॅपच्या यादीत सापडत नाही, का तर यादी करताना कॉन्फरन्स रूममध्ये सगळे हेड बसलेले असतात आणि तुम्ही खाली माल मोजत असता.

पीओ नसलेल्या मालाचं दुखणं तुमचं नाहीच, ते परचेसचं आहे. फोनवरून ऑर्डर देतात आणि कागद मागाहून. सिस्टीम ते गेटवर अडवते, म्हणजे चूक एकाची आणि हॉर्न दुसऱ्याच्या कानात. मालकांनी असं करावं की गेटवर नुसती क्वांटिटी घेऊन माल "पीओ बाकी" म्हणून वेगळ्या जागी दाखवता यावा, परचेसला त्याच मिनिटाला मेसेज जावा, आणि आठवड्याला कुठल्या खरेदीदाराने किती माल बिनपीओचा आणला त्याचा रिपोर्ट मालकांच्या टेबलावर यावा. तो रिपोर्ट दोन-तीनदा वाचून दाखवला की पीओ वेळेवर निघायला लागतात, हे मी बघितलंय.

आणि तुम्हालाही त्या सिस्टीममधून काहीतरी मिळालं पाहिजे. उद्या काय काय माल येणार आहे त्याची यादी आदल्या संध्याकाळी तुमच्या स्क्रीनवर आली तर जागा रिकामी करून ठेवता येते, माणसं लावता येतात, आणि ही यादी उघड्या पीओमधून फुकटात निघते. वर्षातून एकदा गेट बंद करून मोजण्याऐवजी रोज थोडे थोडे आयटम मोजायची पद्धतही मागून घ्या, महागाचे आयटम वारंवार, नटबोल्ट क्वचित. मॅन्युफॅक्चरिंगच्या प्लॅनिंगवर ज्यांचा शब्द मानतात त्या ऑलिव्हर वाइट यांच्या पद्धतीत स्टॉकची नोंद किमान ९५ टक्के आणि बीओएम (कुठल्या मालाला कुठले पार्ट किती लागतात ती यादी) किमान ९८ टक्के बरोबर असावा असा दंडक आहे, त्याच्या खाली गेलात तर प्लॅनिंगचं रन काढूच नका असाच त्याचा अर्थ. तुमचा आकडा आज किती आहे तो एकदा काढा आणि त्याच मीटिंगमध्ये ठेवा.

प्रश्न: सीझन तोंडावर आलाय, मालक म्हणतात सीझनच्या आधी गो-लाइव्ह (नवं ईआरपी प्रत्यक्ष चालू) झालंच पाहिजे म्हणजे पूर्ण सीझनचा डेटा मिळेल. टेस्टिंग अर्धवट आहे. काय सांगू त्यांना?

हर्शीचं सांगा. अमेरिकेतली ही मोठी चॉकलेट कंपनी, १९९९ मध्ये एसएपी आणि सोबत आणखी दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम चालू केली, चार वर्षांचं काम ३० महिन्यांत दाबून बसवलं आणि गो-लाइव्ह लांबत लांबत जुलैवर आलं, म्हणजे हॅलोविन आणि ख्रिसमसच्या ऑर्डर यायची नेमकी वेळ. माल कंपनीकडे होता, ऑर्डरही होत्या, पण दोघांची गाठ पडेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर पुऱ्या करता आल्या नाहीत.

सीझननंतर मंदीच्या महिन्यात घ्या. सीझनचा डेटा पुढच्या वर्षीही मिळेल.

प्रश्न: मी आयटी बघते. आमच्याकडे एसएपी ईसीसी (एसएपीचं जुनं ईआरपी) आहे, इतक्या वर्षांत शेकडो झेड प्रोग्रॅम (आमच्यासाठी खास लिहिलेले) झालेत, काही ठिकाणी स्टँडर्ड कोडसुद्धा मॉडिफाय केलाय, आणि ज्यांनी केला ते कधीच सोडून गेले. आता एस/४ हानावर, म्हणजे त्याच्या नव्या पिढीवर, जायचं ठरतंय. सगळं घेऊन जायचं की नव्याने सुरू करायचं? मॅनेजमेंटला वाटतं नुसतं व्हर्जन बदलायचंय.

ताई, नुसतं व्हर्जन नाही हे आधी त्यांच्या गळी उतरवा. ईसीसी ६ च्या नव्या एन्हान्समेंट पॅकेजना (सुधारणांच्या संचांना) एसएपीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंत आहे, जादा पैसे भरून २०३० पर्यंत ओढता येतो, त्यामुळे घाई आहे पण घबराट नको.

झेड आणि वाय ही अक्षरं एसएपीने कस्टमरसाठी सोडलेली आहेत, म्हणून अपग्रेडमध्ये तुमचे झेड प्रोग्रॅम पुसले जात नाहीत. लोक यावरच खूश असतात. पण तो प्रोग्रॅम ज्या टेबलांतून वाचतो ती टेबलंच नव्या सिस्टीममध्ये बदललीत ना! फायनान्सच्या नोंदी एका मोठ्या युनिव्हर्सल जर्नलमध्ये गेल्यात, स्टॉकच्या हालचालींचं टेबल नवं आहे, कस्टमर आणि व्हेंडर दोन्ही बिझनेस पार्टनर झालेत, मटेरियल नंबर १८ अक्षरांवरून ४० वर गेलाय. ज्याने कधीकाळी कोडमध्ये १८ आकडा ठोकून ठेवलाय तिथे गंमत होणार. मॉडिफाय केलेल्या स्टँडर्ड कोडचं तर विचारू नका, प्रत्येक अपग्रेडला एसपीएयूच्या (बदललेल्या स्टँडर्ड कोडच्या) यादीत एकेक करून ठरवावं लागतं की आपलं ठेवायचं की एसएपीचं घ्यायचं, आणि ठरवणार कोण, करणारा तर निघून गेलाय.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. कुठला प्रोग्रॅम खरोखर चालतो याचा लॉग चालू करा आणि पूर्ण वर्षभर चालू ठेवा, कारण काही प्रोग्रॅम फक्त वर्षअखेरीला एकदाच चालतात आणि नेमके तेच ऑडिटरला लागतात. जे चाललेच नाहीत त्यांची यादी छापून डिपार्टमेंटला पाठवा आणि सांगा की अमुक तारखेपर्यंत कोणी बोललं नाही तर बंद. ती यादी बरीच लांब निघेल बघा. जे चालतात त्यांच्यात रिपोर्ट किती ते वेगळे काढा, रिपोर्ट दुसरीकडे करणं सोपं असतं, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, याचं आउटपुट वाचतं कोण. रोज रात्री मेलवर जाणारा रिपोर्ट आठवडाभर गुपचूप थांबवून बघा, कोणाचा फोन आला नाही तर उत्तर मिळालं. (क्रेडिट लिमिटचा किंवा पेमेंटचा असेल तर हा प्रयोग करू नका.)

उरलेलं बाहेरून जोडता येईल असं लिहून घ्या, याला हल्ली सगळे क्लीन कोअर म्हणतात. एसएपी एकटीच नाही, मायक्रोसॉफ्टनेही डायनॅमिक्स ३६५ या आपल्या ईआरपीमध्ये मूळ कोडवर आपला कोड चढवायची जुनी सोय बंद करून एक्स्टेन्शनचा रस्ता ठेवलाय. कारण सरळ आहे, क्लाउडवर अपडेट येतच राहतात आणि आतून ठोकाठोक केलेली सिस्टीम ती झेलू शकत नाही.

मॅनेजमेंटला उदाहरणच हवं असेल तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेचं द्या. त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये एसएपी सोडून ओरॅकल कंपनीचं ईआरपी सुरू केलं. स्टँडर्ड पद्धत स्वीकारायची असंच आधी ठरलं होतं, मग आपल्या जुन्या पद्धतीसाठी बदल करत गेले, बँकेचा हिशोब जुळेनासा झाला, १.९ कोटी पौंडांचा मूळ अंदाज १० कोटींच्या वर गेला आणि शेवटी पुन्हा पहिल्यापासून, स्टँडर्ड स्वरूपात बसवायचं ठरलं.

प्रश्न: जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षांचा डेटा आहे. सगळा नव्या ईआरपीत आणायचा का? आणि तो साफ कोणी करायचा, आयटी म्हणतं युजरने, युजर म्हणतात आयटीने.

सगळा नको. चालू असलेले कस्टमर, सप्लायर, आयटम, उघडे पीओ आणि सेल्स ऑर्डर, न भरलेली बिलं, आणि गो-लाइव्हच्या दिवशीचे स्टॉक आणि खात्यांचे बॅलन्स एवढं आणा. जुनं सॉफ्टवेअर फक्त बघण्यापुरतं चालू ठेवा, कायद्याने जितकी वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं तितकी.

साफ युजरनेच करायचा. आयटीला एकच बोल्ट तीन स्पेलिंगने तीनदा आलाय हे दिसेल, पण तिन्ही खरंच एकच आहेत की एक जरा कमी लांबीचा आहे हे स्टोअरलाच माहीत. प्रत्येक मास्टरला (कस्टमर, सप्लायर, आयटम अशा मूळ यादीला) एक माणूस नेमा, नाव लिहून. आणि युनिट डोळ्यांत तेल घालून तपासा. वायर घेतो किलोने, देतो मीटरने, आणि एका किलोत किती मीटर हे गेजप्रमाणे बदलतं, तिथे एकच कन्व्हर्जन टाकून ठेवलं तर पहिल्याच महिन्यात स्टॉक कुठल्या कुठे जातो आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर चुकीचं आहे.

टार्गेट या अमेरिकन रिटेल कंपनीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली, सिस्टीम नवीकोरी, हजारो आयटम घाईघाईत भरले. सेंटिमीटरच्या जागी इंच, लांबीच्या जागी रुंदी, अशा चुका. मग बॉक्स ट्रकमध्ये किती मावतील ते चुकतं, शेल्फवर किती बसतील ते चुकतं, आणि गोडाऊन भरलेलं असताना दुकानात शेल्फ रिकामे. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारणं अजूनही होती, पण डेटाचा वाटा मोठा होता. भरणाऱ्यांना वेळ दिला नव्हता आणि त्या मापांचं पुढे काय होतं हे बहुतेक कोणी त्यांना सांगितलंही नसावं.

प्रश्न: ईआरपी असूनही सगळे एक्सेल वापरतात. डाउनलोडचं बटणच बंद करून टाकू का?

बटण बंद केलं तर लोक स्क्रीनचे फोटो काढून टाइप करतील. एक्सेलमध्ये काय करतात ते आधी बघा. डाउनलोड करून बेरीज करत असतील, पिव्होट लावत असतील तर करू द्या, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण एक्सेलमध्ये नवा आकडा जन्माला येत असेल, म्हणजे डिस्पॅचची खरी तारीख एक्सेलमध्ये आणि सिस्टीममध्ये काहीतरी भलतंच, तर ती खरी गॅप आहे, १४० वाल्यांच्या यादीत हवी होती ती. बहुतेक वेळा सिस्टीममध्ये तो फील्ड नसतो किंवा असूनही तिथपर्यंत पोचायला सात क्लिक लागतात.

प्रश्न: छोटी कंपनी आहे, ओपन सोर्स ईआरपी फुकट मिळतं म्हणतात, ओडू किंवा ईआरपीनेक्स्ट. एका फ्रीलान्सरने सांगितलं हवं तसं करून देतो. घ्यावं का?

घ्या की, दोन्ही चांगली आहेत. फक्त फुकट काय ते समजून घ्या. ईआरपीनेक्स्ट पूर्ण ओपन सोर्स आहे, ओडूची कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स आणि एंटरप्राइझ पैशाची. लायसन्स फुकट असलं तरी सर्व्हर, बॅकअप, आणि तुमच्या माणसांचा वेळ याचे पैसे पडतातच. ओडूचं दरवर्षी नवं मोठं व्हर्जन येतं आणि सपोर्ट शेवटच्या तीन व्हर्जनना असतो, म्हणजे आज केलेला बदल काही वर्षांत पुन्हा तपासावा लागणार हे धरूनच चाला.

फ्रीलान्सरशी बोलताना तीन गोष्टी ठरवा. बदल वेगळ्या मॉड्यूलमध्ये किंवा वेगळ्या ॲपमध्येच करायचे, मूळ फाइलला हात नाही. कोडची रिपॉझिटरी (कोड साठवतात ती जागा) तुमच्या कंपनीच्या खात्यावर, त्याच्या नाही. आणि टेस्टचा सर्व्हर वेगळा, चालू सिस्टीमवर थेट बदल नाहीत, "फक्त एक ओळ आहे" म्हणाला तरी नाहीत. तो या तिन्हीला कुरकुर करायला लागला तर दुसरा शोधा. सुरुवातीचे काही महिने एकही बदल न करता वापरून बघा, सुरुवातीला जे हवंच म्हणून वाटतं त्यातलं बरंचसं नंतर आठवतही नाही.

प्रश्न: (दोन पत्रं एकत्र घेतो, आणि दोघं एकाच कंपनीतले नाहीत हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणाची तरी नोकरी जायची.) एक मालक लिहितात: माझ्या अप्रूव्हलशिवाय काहीही पास होऊ नये असं ईआरपीत करून घेतलंय, तरी खर्च हाताबाहेर जातोय. दुसऱ्या एका कंपनीतले अकाउंट्सवाले लिहितात: आमच्या साहेबांना सगळं अप्रूव्ह करायचं असतं पण वेळ नसतो, म्हणून त्यांचा पासवर्ड त्यांनीच मला देऊन ठेवलाय, मीच एंट्री करतो आणि मीच अप्रूव्ह करतो. हे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही, आणि पहिल्या मालकांनी दुसरं पत्र पुन्हा एकदा सावकाश वाचावं.

दिवसाला शंभर अप्रूव्हल एका माणसाकडे आली की तो वाचत नाही, दाबत जातो, आणि दाबायचाही कंटाळा आला की पासवर्ड देतो. मग एंट्री करणारा आणि पास करणारा एकच होतो, जे व्हायला नको म्हणून तर ही लेव्हल बनवली होती. वर लॉगमध्ये नाव साहेबांचं. उद्या काही निघालं तर सिस्टीम ठामपणे सांगणार की साहेबांनीच पास केलंय, तारीख आणि वेळेसकट.

ठरलेल्या रेट कॉन्ट्रॅक्टचा, बजेटच्या आतला पीओ कोणाकडेही न जाता पुढे जाऊ दे. भाव कॉन्ट्रॅक्टपेक्षा वर गेला, सप्लायर नवीन आहे, सप्लायरचा बँक अकाउंट बदलला, बजेट ओलांडलं, एवढंच मालकांकडे यावं. बँक अकाउंट बदलल्याचं तर नक्कीच, फसवणूक तिथूनच होते बरेचदा. पाच ओळी आल्या तर माणूस पाचही वाचतो.

अकाउंट्सवाल्या मित्राने तो पासवर्ड परत करावा, तोंडी नाही, मेलवर लिहून, आणि साहेबांना तो बदलायला लावावा. त्याच मेलला गेल्या महिन्यात त्या लॉगिनमधून काय काय पास झालं त्याची यादी जोडावी. साहेबांनी यादी घेऊन बसावं आणि यातल्या कशाकशाला आपण खरंच हवे होतो त्यावर टिक करावी. नव्या लिमिट तिथूनच काढता येतील, त्यासाठी कन्सल्टंटला बोलवायची गरज नाही.